गोरी झालेली हेमा

रेशनच्या तांदळात हल्ली काही दाणे वेगळे येतात. बाकीच्यांपेक्षा जरा पिवळट, सगळे एका मापाचे, पाण्यात टाकले तर वर तरंगणारे. तांदळाच्या पिठात लोह आणि जीवनसत्त्वं कालवून ते पुन्हा तांदळाच्या आकारात पाडलेले असतात. गोणीवर तसं छापलेलंही असतं, पण गोणी दुकानात राहते आणि घरी येते ती आपली पिशवी. परवा माझी सून सायली स्वयंपाकघरात ताट मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. खडा, कोंडा एका बाजूला, आणि ताटाच्या कडेला या दाण्यांची वेगळी ढिगली. मी विचारलं तर म्हणाली, "आई, प्लॅस्टिक आहे ते. ग्रुपवर व्हिडिओ आलाय." मी आयुष्यभर एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम केलं, त्यामुळे काय ठेवलं यापेक्षा काय बाजूला काढलं तिकडे माझी नजर आधी जाते. ती ढिगली बघून मी खाली बसले. रागावले नाही. या विषयावर रागवायची ताकद आता राहिलेली नाही. मला माझी मोठी बहीण हेमा आठवली, कारण आमच्याही घरी निवडताना ताटातला तांदूळ कमी व्हायचा, पण तो तिच्या तोंडात जायचा.

आम्ही मूळचे पालघरच्या किनाऱ्यावरच्या मुरबे गावचे, मासेमारी करणाऱ्यांतले. बाबांच्या वाट्याला होडी आली नाही, म्हणून ते बोईसरला रंगाच्या कारखान्यात लागले आणि आम्ही तिथे चाळीत भाड्याच्या एका खोलीत आलो. बाबांच्या बोटांची पेरं कायम रंगलेली असायची, कधी पिवळी, कधी लाल. तेवढ्यावरून त्या आठवड्यात कारखान्यात कुठला माल चालू आहे ते आम्हाला कळायचं. आई आजूबाजूच्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे करून द्यायची. पहाटे स्टोव्हचा आवाज, मग भाकऱ्या थापण्याचा, मग पाळीच्या बसचा हॉर्न आणि जिन्यावरून उतरणारे बूट. चांगलंचुंगलं आधी डब्यांत जायचं, मग बाबांच्या ताटात, मग माझ्या, कारण मी शाळेत जायचे आणि शाळेत जाणारीला डोकं लागतं अशी आईची समजूत होती. आई आणि हेमा सगळ्यांत शेवटी बसायच्या. त्यांच्या वाट्याला भात, पातळ आमटी आणि त्यावर कपभर चहा. यात कोणी कोणावर अन्याय करतंय असं आम्हाला वाटत नव्हतं. आई स्वतःच वाढायची आणि स्वतःच उरलेलं घ्यायची.

मुरब्यात असं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. गरिबी तिथेही होती, पण ओहोटीला बायका खडकावर जाऊन कालवं फोडून आणायच्या, खाडीत शिवल्या, शिंपले मिळायचे, नाचणीची भाकरी असायची, आणि काहीच नसलं तर सुकवलेला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, असायचाच. शेवटी जेवणारीलाही मूठभर जवळा पुरायचा. बोईसरला आल्यावर आईने आधी तोच आणला होता, डबा भरून. पण आमच्या शेजारी शुक्लाभाभी राहायच्या. त्यांच्या घरात कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. आईने तव्यावर जवळा टाकला की त्या दाराशी यायच्या, पदर नाकाला लावून, आणि अगदी नम्रपणे म्हणायच्या, "दीदी, बुरा मत मानना, पर बच्चे को उलटी हो जाती है." बाई वाईट नव्हती. माझ्या तापात रात्रभर उशाशी बसलेली आहे. पण घरमालकानेही दोनदा टोकलं, आणि आईला डब्यांचा धंदा टिकवायचा होता. तिने जवळ्याचा डबा मुरब्याहून आलेल्या आत्याबरोबर परत पाठवला. जवळा गेला, कालवं गेली, नाचणी तर बोईसरच्या दुकानात कोणी मागतही नसे. त्यांच्या जागी आला चहा आणि चहात बुडवायचे बटर. आपण शहरात आलो, सुधारलो, असंच त्या वेळी सगळ्यांना वाटलं.

हेमा तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची असेल. घरात ती सतत काहीतरी चघळत असे. तांदूळ निवडायला बसली की चिमूट चिमूट तोंडात टाकायची, दातांखाली कुरकुर आवाज यायचा. माझ्या दप्तरातल्या पाटीवरच्या पेन्सिली नाहीशा व्हायच्या. मी भांडायचे. ती म्हणायची, "बारके, अख्खी कुठे खाते? टोकच खाते. गार लागते." भिंतीला पावसाळ्यात ओल आली की तिथे नाक लावून उभी राहायची. आई म्हणायची, "वखवख हाय नुसती. सासरी गेलीस की लोक म्हनतील, आयशीने उपाशी ठेवली." हेमा हसायची. दमायचीही लवकर. चाळीचा नळ खाली होता. दोन जिने चढून कळशी आणली की ती कठड्याला धरून उभी राहायची आणि खाली पोरं खेळत आहेत ते बघतेय असं दाखवायची.

आणि ती गोरी होत गेली. मुरब्यात तिला सगळे काळीच म्हणायचे. वाळूत बोंबील वाळत घालणाऱ्या पोरीचा जो रंग असतो तो तिचा होता. बोईसरच्या खोलीत ऊन नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा ती उजळली, त्यात नवल नव्हतं. पण मग ओठ उजळले, तळहात उजळले, नखं उजळली. मुरब्याहून काशीआत्या, बाबांची मोठी बहीण, माशांची पाटी घेऊन पालघरच्या बाजारात यायची आणि महिन्यातून एखाद्या वेळी आमच्याकडे डोकवायची. एकदा तिने दारातच पाटी उतरवली आणि हेमाच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "काय गो ही! बामनीन दिसते. वैनी, काय लावतेस हिला?" आई लाजली. "काय लावनार? हितलं पानी मानवलं." आत्या म्हणाली, "मग आता बोईसरात ठेवून काय लोनचं घालायचं? मी बघते." शुक्लाभाभींनीही मान डोलावली. त्या दिवसापासून हेमाला उन्हात धाडायचं बंद झालं. गच्चीवर कपडे वाळत घालायचं काम माझ्याकडे आलं.

आत्याने डहाणूच्या बाजूचं स्थळ आणलं. मुलगा यांत्रिक होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा प्रमुख; घर पक्कं, घरात टीव्ही. आमच्यासारख्यांना असं स्थळ मिळायचं नाही. मुलाची आई स्वतः मासळी विकणारी, उन्हाने रापलेली, आवाज मोठा. तिने हेमाला बघितलं आणि आत्याकडे वळून म्हणाली, "पोरगी चांदनी हाय. आमच्या घरात अशी कोन नाय." हुंडा नको, मुलीला एका साडीवर पाठवा, म्हणाली. आई त्या रात्री भांडी घासताना गुणगुणत होती. आईला गुणगुणताना मी त्याआधी ऐकल्याचं मला आठवत नाही, आणि नंतरही नाही.

साखरपुडा झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी हेमा कळशी घेऊन जिन्यात पडली. कळशी गडगडत खाली गेली, त्या आवाजाने आम्ही धावलो. ती शुद्धीवर होती, पण उठता येत नव्हतं, आणि छाती अशी उडत होती की परकराची नाडी हलताना दिसत होती. बाबांची दुपारपाळी होती. आई, मी आणि हेमा रिक्षाने, मग एसटीने पालघरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. बाईडॉक्टर होत्या. बाहेर रांग एवढी होती की त्यांनी मान वर न करता हेमाचा हात हातात घेतला, नखं बघितली आणि मग अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी खाली ओढली.

"किती दिवस असं आहे?" त्यांनी विचारलं.

"काय?" आई म्हणाली.

"ही अशी पांढरी किती दिवस आहे?"

"आमची पोर गोरीच हाय, बाई."

"लहानपणापासून?"

हेमाच म्हणाली, "नाय. बोईसरला आल्यापासून."

"ये, इकडे बघ." डॉक्टरांनी मला ओढून पुढे घेतलं आणि माझी पापणी खाली केली. "हिची बघा, लाल आहे. आता हिची बघा." आईने वाकून बघितलं. मीही बघितलं. हेमाच्या पापणीच्या आतला भाग शिजलेल्या माशासारखा पांढरा होता. मग डॉक्टरांनी काहीही न विचारता आईचीही पापणी ओढली, आणि सुस्कारा टाकला. "तुमचंही तेच. तुम्ही सावळ्या आहात म्हणून कोणाला दिसलं नाही, एवढाच फरक."

रक्त तपासलं. बारा असायला हवं ते हेमाचं साडेसात भरलं. हा आकडा मी विसरलेले नाही, कारण मला तेव्हा वाटलं होतं की बारापैकी साडेसात म्हणजे पास. डॉक्टरांनी दोघींना गोळ्या दिल्या, जंताचं औषध दिलं. चहाबरोबर घेऊ नका, लिंबू पिळून पाणी घ्या, पालेभाजी, मासे, जे मिळेल ते खा, काही महिने सोडू नका. पाटीची पेन्सिल, कच्चा तांदूळ, ओल्या मातीचा वास, हे सगळं त्यांनी हेमाने सांगायच्या आधी विचारलं. "रक्तात लोह कमी झालं की असं होतं. खादाडपणा नाही तो." एवढं बोलून त्यांनी पुढच्या बाईला हाक मारली. येताना दारात आईने नर्सला हळूच विचारलं, "यानी रंग बदलंल काय?" नर्स घाईत होती. ती म्हणाली, "बदलणारच. संडासपण काळी होईल, घाबरू नका."

आईने त्यातलं एकच ऐकलं. घरी आल्यावर दोघींच्या गोळ्यांच्या डब्या तिने तांदळाच्या पिंपात खोल पुरून ठेवल्या. "लग्न होऊ दे," ती म्हणाली. "मग रोज खा. सासरी कोन मोजतंय? आता काळी पडलीस तर ती माय दारातून परत जाईल." आईला मी दोष देत नाही. गोळीने पोर काळी होते, गरोदर बाईने घेतली तर बाळ काळं होतं, हे बोलणं मी त्यानंतर किती जणींकडून ऐकलं आहे त्याचा हिशेब नाही, आणि त्यांतल्या कितीतरी शिकलेल्या होत्या. वर्तमानपत्रात दरवर्षी येतं की जगभरात किती बायका-मुलींच्या रक्तात लोह कमी आहे. आकडा वाचायची मला सवय आहे, पण इथे तो देत नाही. माणूस आकड्यापाशी थांबतो आणि शेजारी बसलेलीची पापणी बघत नाही.

पिंपातला तांदूळ रोज काढायचं काम हेमाचंच होतं, हे आईच्या लक्षात आलं नाही. काही दिवसांनी आईने विचारलं तेव्हा मी अभ्यासाला बसले होते.

"तू गोळी खाल्लीस?"

"खाल्ली."

"कवापासून?"

"तू डबी ठेवलीस त्या दिवसापासून."

"लगीन मोडायचं हाय तुला?"

हेमा ताटातला तांदूळ निवडत राहिली. "आये, त्या घरात विहिरीवरून पानी आनायचं हाय. कळशी कोन उचलनार, माझा रंग?"

"काळी पडशील गो."

"काळीच होती मी. तूच म्हनायचीस, काळे, इकडे ये."

आई स्टोव्हकडे तोंड करून बसली. बाबा पाळीवरून आले तेव्हा दोघींनी एकमेकींच्या तक्रारी त्यांच्यापुढे मांडल्या. बाबा फारसे बोलत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रंगलेल्या बोटांनी डोळे चोळले, आणि विचारलं, "डॉक्टरनी मासे खायला सांगितले?" हेमा हो म्हणाली. पुढच्या खेपेला आत्या आली तेव्हा त्यांनी तिच्याकडून जवळा मागवला. आई म्हणाली, "वास येईल. डबे जातील." बाबा म्हणाले, "वास येईल. येऊ दे." मग ते स्वतः शुक्लाभाभींच्या दारात जाऊन उभे राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. भाभींनी त्यानंतर जवळा भाजायच्या वेळी आपलं दार लावून घेतलं, पण तक्रार केली नाही. आणि एक दिवस हेमासाठी गुळात घोळलेले शेंगदाणे आणून दिले. डबेही एक-दोनच गेले.

आईने आपली डबी मात्र उघडली नाही. ती म्हणायची, "मला काय झालंय? माझं कुठं लगीन हाय?"

हेमा हळूहळू बदलली. आधी पेन्सिली सुटल्या. मग जिन्यातलं थांबणं सुटलं. एक दिवस ती भरली कळशी घेऊन चढली आणि वर येऊन माझ्याशी त्याच दमात भांडली. ओठांना रंग आला, आणि त्याबरोबर अंगालाही. तिचा मूळचा तांबूस काळा रंग खालून वर आल्यासारखा परतला. मला ती तेव्हा जितकी सुंदर दिसली तितकी साखरपुड्याला दिसली नव्हती. लग्नाची साडी दाखवायला मुलाची आई आली. हेमाने पाण्याचा तांब्या पुढे केला. बाई तिच्याकडे बघतच राहिली.

"उन्हात फिरतेस काय गो?"

"नाय," हेमा म्हणाली. "रक्त कमी होतं. गोळ्या खाते. आता बरी हाय."

आई आत दाराआड उभी होती. तिने डोळे मिटून घेतले ते मला दिसलं.

बाईने साडीची घडी उघडली नाही. चहा घेतला, हवापाण्याचं बोलली, गेली. नंतर आत्याकडे निरोप आला: दाखवली ती पोरगी राहिली नाय, आनि रक्ताचा रोग हाय तो वेगळाच. आत्या आमच्या दारात बसून रडली, मग त्या बाईला नाही नाही ते बोलली, मग हेमालाही बोलली. "दोन महिने कळ काढली असतीस तर काय मेली असतीस?" हेमा म्हणाली, "मेली असती तर?" आत्या पाटी उचलून निघून गेली, आणि बराच काळ आली नाही.

आईने ते मोडलेलं लग्न मनातून कधी सोडलं नाही. पुढे हेमाचं मुरब्यातच लग्न झालं, साधंच घर, होडीत थोडा हिस्सा, माणूस शांत. दोन मुलं झाली, दोन्ही बाळंतपणं सुखरूप. तरी आई बोलता बोलता म्हणायची, "गोळीनं घात केला, नायतर ही टीव्हीच्या घरात असती." टीव्ही तोपर्यंत सगळ्यांकडे आले होते. आई पन्नाशीच्या आत गेली. शेवटची दोन वर्षं पाय सुजायचे, चार पावलं चालली की धाप लागायची. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. ते खोटं नसेल. पण खोली आवरताना पिंपाच्या मागे ती जुनी डबी सापडली, झाकण गंजून बसलेलं, गोळ्या सगळ्या आत. हेमाने ती हातात घेऊन हलवली. आवाज आला. मग तिने ती फेकून दिली आणि आम्ही पिंप पुसायला घेतलं.

त्यानंतर हेमाला एक खोड लागली. कुठल्याही घरात गेली की मुलींच्या पापण्या ओढून बघायची. बारशाला, हळदीला, एसटीत शेजारी बसलेलीचीसुद्धा. लोक हसायचे. मला लाज वाटायची. माझ्या मुलासाठी आम्ही पालघरला मुलगी बघायला गेलो तेव्हा मी रिक्षातच तिला बजावलं होतं, "आज नको हां, हेमा." ती म्हणाली, "मी कशाला करते?" मुलगी पोहे घेऊन आली. सडपातळ, नाजूक. माझ्या नणंदा एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "गोरीपान आहे हो." मुलीची आई सुखावली. हेमाने पोह्यांची बशी खाली ठेवली.

"हिकडं ये गो बाय. घाबरू नको."

तिने अंगठ्याने पापणी खाली केली. मुलीच्या आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी एकदा पाहिलं होतं, दाराआड. हेमाने हात पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मुलगी पसंत हाय. आधी रक्त तपासा, गोळ्या सुरू करा. लग्नाची घाई नाय. आनि गोळ्यांनी काळी झाली तर होऊ दे. आमी साडी परत नेनार नाय." मग माझ्याकडे बघून, जरा खालच्या आवाजात, "बरोबर ना, बारके?"

मी हो म्हणाले.

ती मुलगी सायली. लग्नात ती आम्ही बघायला गेलो तेव्हापेक्षा चांगली सावळी होती, आणि नणंदांनी ते बोलून दाखवलंच. तीच आता ताटाच्या कडेला लोहाचे दाणे काढून बसली होती, फोनवरच्या व्हिडिओवर विश्वास ठेवून. मी तिला काही समजावलं नाही. समजावून झालं आहे, तिला आणि शेजारपाजारच्या अर्ध्या बायकांनाही. मी नुसती ती ढिगली तळहातावर घेतली आणि पुन्हा तांदळात मिसळली. हाताने ढवळली. मिसळल्यावर ते दाणे वेगळे दिसेनात.

सायली बघत होती. ती म्हणाली, "आई, हेमामावशींना सांगू नका."